सीटला चार स्टार, दुकानाला दोन, आणि आम्ही स्वतः नापास

लेकीसाठी घेतलेल्या कार सीटचा हा रिव्ह्यू खरं तर मी डिसेंबरमध्येच टाकणार होते, तेव्हा पाचपैकी पाच स्टार दिले असते आणि अर्धंअधिक चुकीचं लिहिलं असतं, त्यामुळे आळस केला ते बरंच झालं. आता आठ महिने वापरून लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीत मिळणाऱ्या तीन-चार सीट मी दुकानात उलट्यापालट्या करून बघितल्या, सगळ्या एकाच मुशीतल्या वाटतात आणि खरा घोळ सीटमध्ये नसतोच, तो बसवण्यात असतो, ते पुढे सांगते.

आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो, माहेर बेळगाव, म्हणजे चोर्ला घाट महिन्या-दीड महिन्यातून ठरलेला. गाडी २०१४ ची छोटी हॅचबॅक, तिला आयसोफिक्सचे हुक (ज्यात बाळाची सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकते) नाहीत, त्यामुळे गाडीच्या सीटबेल्टने बांधायची सीट घेतली, ० ते १८ किलोवाली, म्हणजे १३ किलोपर्यंत मूल मागे तोंड करून आणि ९ किलोच्या पुढे हवं तर पुढे तोंड करून. बाजूला तो नारिंगी स्टिकर आहे ना, गोलात ई आणि आकडा, वर ४४/०४ (हा सीटच्या सुरक्षा नियमाचा नंबर) आणि युनिव्हर्सल लिहिलेलं, तो बघूनच घ्या. स्टिकर नसलेल्या, नुसत्या उशीला पट्टे शिवल्यासारख्या सीट पण ऑनलाइन स्वस्तात दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नवीन सीटवर आर १२९ हा पुढचा नियम असतो, त्या वजनाऐवजी उंचीवर चालतात आणि त्यात बाळ निदान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं असा नियम आहे. बजेट असेल तर ती घ्या, आमचं नव्हतं.

घेतली पणजीच्या एका दुकानातून. दुकान चकाचक, एसी, पण तिथल्या मुलाने सीट जमिनीवर ठेवून दाखवली, हे असं आडवं होतं मॅडम, हे कव्हर निघतं मॅडम, धुता येतं मॅडम. मी म्हटलं गाडी खालीच उभी आहे, एकदा बसवून दाखव, तर म्हणे सोपं आहे, मॅन्युअलमध्ये सगळं आहे. बिल करताना मात्र डोक्यासाठी एक वेगळी गुबगुबीत उशी आणि पट्ट्यांवरची अस्वलं गळ्यात मारायला बघत होता. सीटसोबत कंपनीने न दिलेली असली कुठलीही वस्तू आत घालायची नसते, अपघातात ती दबते आणि पट्टे ढिले पडतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी फक्त चिकटपणामुळे घेतली नाही.

नवऱ्याने अंगणात अर्ध्या तासात सीट बसवली. मी फोटो काढला, बेळगावला पाठवला, सगळ्यांनी बदामाचे इमोजी पाठवले.

फेब्रुवारीत माहेरी निघालो. केरी सोडलं, घाट सुरू झाला, अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसायला लागतं त्या सुमाराला एका वळणावर समोरून ट्रक आला म्हणून ह्याने जरा जोरात ब्रेक मारून गाडी वळवली, आणि बायची, म्हणजे आमच्या लेकीची, सीट तिच्यासकट दाराकडे कलंडली. आपटली वगैरे नाही, कलंडली, जशी पाटावरची घागर कलंडते तशी. मी शेजारीच बसले होते, हाताने धरली. बाय झोपेतून उठली सुद्धा नाही पण माझे हातपाय गार. मग जांबोटीपर्यंत मी एका हाताने सीट धरून बसले, जसं काही माझ्या हाताने काही होणार होतं.

बेळगावला पोचल्यावर भावाने मॅन्युअल मागितलं. मॅन्युअल कुठे, तर सीटच्याच पाठीमागच्या खिशात, प्लास्टिकची पिशवी पण न फोडलेली. तिथे मग आम्ही तिघं पडवीत बसून पहिल्यांदा वाचलं. सीटवर निळ्या आणि लाल रंगाच्या खाचा असतात. निळ्या मागे तोंड असताना, लाल पुढे तोंड असताना. मागे तोंड असताना बेल्टचा मांडीवरचा भाग बाळाच्या पायांवरून दोन्हीकडच्या निळ्या खाचांतून जातो, आणि खांद्यावरचा तिरका भाग सीटच्या पाठीमागून वळसा घालून मागच्या निळ्या खाचेत अडकवायचा. आम्ही पुढचं केलं होतं, मागचा वळसा घातलाच नव्हता, तो तिरका भाग नुसता असाच वर लोंबत होता. तीन महिने! म्हणजे आमची पोर अर्ध्या बेल्टवर फिरत होती आणि आम्ही लोकांना कार सीटचं महत्त्व सांगत होतो.

नीट बसवायला गेलो तर नवीन गंमत, बेल्ट पुरता पुरता पुरत नव्हता. वळसा घालायला बेल्ट बराच लागतो आणि कित्येक गाड्यांच्या मागच्या सीटला तो तोकडाच असतो. आमचा जेमतेम बसला, चार बोटं उरली. म्हणून सांगते, पैसे देण्याआधी सीट आपल्याच गाडीत बसवून बघा, दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदला. दुसरं, बकल सीटच्या प्लास्टिकवर टेकून वाकडं होत नाही ना ते बघा, तसं असेल तर ते झटक्यात उघडू शकतं.

घट्ट करायचं म्हणजे कसं, तर गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा सगळा भार टाकायचा आणि दुसऱ्याने बेल्ट ओढत राहायचा. आपले बेल्ट झटका बसला तरच लॉक होतात, एरवी ढिलेच येतात, त्यामुळे एकट्याने नुसतं क्लिक करून भागत नाही. झाल्यावर जिथून बेल्ट जातो तिथे सीटला धरून हलवायचं, इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत पहिल्यापासून. सीटच्या कलाचं पण तेच, सीटवर एक रेघ आहे, ती जमिनीला समांतर आली पाहिजे, नाहीतर बाळाची मान पुढे पडून श्वास दबतो. आमचं अंगण उताराचं, तिथे रेघ बरोबर दिसायची आणि रस्त्यावर आलं की सीट सरळ उभी. आता शेजारच्यांच्या सपाट फरशीवर नेऊन बसवतो, ते हसतात, हसू देत.

आतल्या पट्ट्यांचं सोपं आहे. मागे तोंड असताना ते बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड केलं की रेषेत किंवा किंचित वरून. ओढून झाल्यावर खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरायला बघा, चिमटीत आला तर ढिला. अमेरिकेतल्या व्हिडिओत छातीवर एक क्लिप दिसते, ती आपल्या या सीटला नसते, मी दोन दिवस तुटली की काय म्हणून शोधत होते.

घरात खरी लढाई वेगळीच. बाय पहिले दोन महिने सीटमध्ये ठेवली की टाहो फोडायची आणि सासूबाई मागे बसून, "तें रडटा पळय, घे गो ताका मांडयेर." (ते रडतंय बघ, घे गं त्याला मांडीवर.) त्यांचं चूक नाही, त्यांनी चार मुलं मांडीवरच वाढवली, पण तेव्हा गाड्या कुठे होत्या. नऊ किलोचं मूल ५० च्या स्पीडला थांबताना काही शे किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं, तेवढं कुणाचे हात धरणार? आणि आईचा बेल्ट दोघींना मिळून लावणं तर त्याहून वाईट, आईचं सगळं वजन मुलावर. हे मी सांगून पटलं नाही. पटलं कधी, तर एकदा साखळी गावात कुत्रा आडवा आला, ब्रेक लागला आणि सासूबाईंच्या मांडीवरची नारळाची पिशवी थेट गिअरपाशी. आठ नारळ, दोन फुटले. त्या दिवसापासून त्या स्वतःच विचारतात, पट्टे ओढले का गो.

तरी त्या स्वतः बेल्ट लावत नव्हत्या, कारण मागचं बकल सापडतच नव्हतं! नवीन सीट कव्हर घालणाऱ्याने दोन्ही बकलं कव्हरखाली गाडून टाकलेली. तुमच्या गाडीत पण बघा, मी पैज लावते. मी कात्रीने कव्हर कापलं, नवरा दोन दिवस बोलला नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मागच्याच सीटवर, बेल्ट न लावता, तेव्हा आठवडाभर सगळे मागचे बेल्ट शोधत होते, मग परत कव्हरखाली.

नवऱ्याचं म्हणणं होतं की सीट पुढे ठेवूया, म्हणजे गाडी चालवताना बाय दिसेल. अजिबात नाही. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर ठेवली तर एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यावर फुटते. समोरच्या सनशेडवर त्याचं चित्र पण असतं, लाल रेघ मारलेलं.

दंडाचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४ बी कलमात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये आहे. मला आजवर कुणी अडवलेलं नाही, हेल्मेटला मात्र दोनदा. स्कूटरवर चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट आणि ४० च्या आत स्पीड, हा पण नियम आहे, पण मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून शाळेत नेणारे मला रोज दिसतात.

सोबत जावेच्या मुलाला, सात वर्षांचा, बूस्टर घेतला, म्हणजे मोठ्यांचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक. आधी बेल्ट त्याच्या मानेला कापायचा म्हणून तो काखेतून घ्यायचा, जे फार धोक्याचं आहे. आता बूस्टरवर बसला की बेल्ट खांद्याच्या मधोमध आणि खालचा पोटावर न येता कमरेच्या हाडावर येतो. दीड मीटरच्या आसपास उंची होईपर्यंत लागेल. त्याला "उंच खुर्ची" म्हणून विकली आहे, चिडवू नका.

आता गोव्यात वापरणाऱ्यांसाठी, जे मॅन्युअलमध्ये नाही. एप्रिल-मे मध्ये गाडी उन्हात ठेवली की बकलची धातूची जीभ चटका देते, बायच्या मांडीला एकदा लाल डाग पडला. सुती पंचा टाकून ठेवते, बसवायच्या आधी बकलला स्वतःच्या मनगटाला लावून बघते. सावली हवी म्हणून माडाखाली लावू नका, कारण तुम्हाला माहीत आहे. कव्हर जाड आणि घामट, पाठ ओलीचिंब होते. आणि पावसात ते धुतलं की सुकत नाही, वास येतो, जूनमध्ये खालच्या थर्मोकोलवर हिरवट बुरशी धरली होती, व्हिनेगरच्या फडक्याने पुसली. पट्टे मशीनमध्ये घालायचे नाहीत, ब्लीच तर नाहीच, धागा कमजोर होतो, नुसते पुसायचे.

शेजारीण तिची जुनी सीट फुकट देत होती, पण त्या गाडीला पर्वरीत मागून ठोकलं होतं, म्हणून नको म्हटलं. अपघातातून गेलेली सीट बाहेरून धडधाकट दिसली तरी परत वापरत नाहीत. तिला वाईट वाटलं, अजून थोडं वाटतं.

बाय आता तेरा महिन्यांची, ९ किलो २००. दुकानातला मुलगा म्हणाला होता नऊ झालं की पुढे फिरवा. नाही फिरवणार, १३ किलोपर्यंत मागेच. पाय दुमडून बसते, सगळे म्हणतात पाय अवघडतील, ती स्वतः मजेत अंगठा तोंडात घालते. झोपली की मात्र पोचल्यावर लगेच उचलायची, घरात आणून सीटमध्येच झोपवायची नाही, आणि बेळगावला जाताना जांबोटीला थांबायचंच.

एक स्टार कापला तो कव्हरसाठी. परवा सकाळी बाय त्यात ओकली, म्हणून धुतलं, तिसरा दिवस आहे, पंख्याखाली टांगलंय आणि अजून काखेत ओलं लागतंय. कव्हरशिवाय सीट वापरायची नाही असं लिहिलंय, दुसरं कव्हर वेगळं विकत मिळत नाही, आणि उद्या पणजीला लसीची तारीख आहे. इस्त्री फिरवून बघते.