नॅसचा अडॅप्टर गेला: कंपनीचा घ्यावा की बाजारातला?
दोन डिस्कच्या घरगुती नॅसचा (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या यंत्राचा) १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर जळाला, तर बाजारातला बहुधा स्वस्त पडतो आणि लगेच हाती येतो. कंपनीच्या अडॅप्टरची अनेकदा वाट पाहावी लागते. बाजारातला घेताना मात्र पिनचा आतला व्यास २.१ मिलिमीटर आहे की २.५, आणि धन-ऋण टोके जुळतात का, हे स्वतः तपासावे लागते.

खरा प्रश्न भरवशाचा आहे: साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना क्षणभर २ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकते, त्यामुळे लेबलवर ५ लिहून प्रत्यक्षात कमी देणाऱ्या अडॅप्टरवर नॅस पुन्हापुन्हा बंद पडतो आणि डेटा धोक्यात येतो.

बॅकअप वेगळा असेल आणि काम खोळंबले असेल, तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) चिन्हाचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि किमान तेवढ्याच अँपिअरचा बाजारातला अडॅप्टर चालेल. फोटोंची एकमेव प्रत त्याच डिस्कवर असेल, तर थांबावे, पण कंपनीचाच घ्यावा.