आठ दिवसांत चेहरा साफ झाला, तिथेच शंका यायला हवी होती

माझ्या डाव्या गालावर ज्या बारीक लाल रेषा दिसतात, त्या मुरमांच्या खुणा नाहीत. त्या एका पांढऱ्या डबीतल्या क्रीमच्या आहेत. डबीवर ना कंपनीचं नाव, ना घटक, ना तारीख. नुसतं एक गुलाबी स्टिकर, त्यावर 'स्पेशल'.

शाळेत असताना कपाळावर, नाकावर तारुण्यपिटिका आल्या होत्या, त्या आपोआप गेल्या. तिशी उलटल्यावर मात्र हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने आतून ठणकणाऱ्या गाठी यायला लागल्या. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर हटकून. "या वयात मुरूम?" हे इतक्यांदा ऐकलं की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. दिवसातून पाच-पाच वेळा तोंड घासून धुवायचे. त्याने त्वचा आणखी चिडते, हे तेव्हा माहीत नव्हतं.

ओळखीतून एका 'स्किन एक्स्पर्ट' बाईंचा नंबर मिळाला. मी फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत निदान आलं: रक्त अशुद्ध आहे, उष्णता चेहऱ्यावर येतेय. पाळी नियमित येते का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, गरोदर आहात का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा ते बरंच वाटलं. तीन डब्यांचा कोर्स, पैसे आधी.

चौथ्या दिवशी गाठी बसल्या. आठव्या दिवशी चेहरा असा गुळगुळीत आणि उजळ की मी आरशासमोरून हलेना. कौतुकाने बाईंना फोटो पाठवला. तो त्यांनी मला न विचारता पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवला, हे नंतर कळलं. आणि माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला अर्धी डबी काढून देणारी मीच.

दीड महिन्याने डबी संपली आणि पुढची यायला चार दिवस उशीर झाला. दुसऱ्याच दिवशी चेहरा पेटला. साधं पाणी लागलं तरी झोंबायचं. गालांवर बारीक लाल पुळ्या, सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. घाबरून फोन केला.

"ताई, हे पर्जिंग आहे. आतली घाण बाहेर पडतेय. आता सोडलंत तर सगळं वाया जाईल, दोन वेळा लावा."

नवी डबी आली, लावली, आणि रात्रीत आग शांत. म्हणजे बाई बरोबरच बोलत होत्या, असं मी धरून चालले. असं तीनदा झालं.

ही थाप पचली, कारण ती निम्मी खरी आहे. ट्रेटिनॉइन किंवा अडापलीनसारखं मुरमांवर लावायचं औषध सुरू केलं की पहिले काही आठवडे काहींचे मुरूम थोडे वाढतात, त्वचा सोलवटते. पण तो त्रास औषध चालू असताना होतो आणि पुढे हळूहळू ओसरतो. माझा त्रास औषध थांबवलं की उसळायचा आणि लावलं की गायब. अगदी उलटं. एवढा एक फरक ठाऊक असता तर दुसरी डबी घरात आली नसती.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी डबी मागितली, ती उलटसुलट करून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "बंद केलं की काय होतं?" मग माझा गाल उजेडाकडे वळवून त्यावरची बारीक लव दाखवली. ती वाढलेली माझ्या लक्षातच आली नव्हती. "यात नेमकं काय आहे ते तपासल्याशिवाय नाव सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण चेहरा स्टेरॉइडचा आहे."

स्टेरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून चेहरा झटपट निवळलेला आणि उजळ दिसतो. पण मुरमाचं मूळ वेगळंच. अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींचा बूच केसाच्या मुळाशी बसतो, आत जिवाणू वाढतात, सूज येते. रक्त 'अशुद्ध' असण्याचा इथे काही संबंध नाही. मूळ जागच्या जागी राहतं, वरची त्वचा मात्र पातळ होत जाते.

क्रीम थांबवल्यानंतरचे आठवडे मी उशीला गाल टेकू शकत नव्हते. लाली उतरायला कित्येक महिने गेले, रेषा तर राहिल्याच. त्यानंतर कुठे मुरमांचे खरे उपचार सुरू झाले: रात्री बोटाच्या टोकावर मावेल इतकंच अडापलीन, सकाळी २.५ टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि उन्हात सनस्क्रीन. त्या पेरॉक्साइडने माझ्या दोन निळ्या टॉवेलांवर पांढरे ठिपके पडलेत. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतील, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जबड्यावरच्या गाठी आणि पाळीचं गणित पाहून संप्रेरकांच्या तपासण्याही सांगितल्या. खोल गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात, त्यांचा विषय काढण्याआधी त्यांनी विचारलं, "गरोदर आहात का?" त्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. बाईंनी न विचारलेला तोच प्रश्न.

बाईंना मी घटकांची यादी मागितली. उत्तर आलं, फॉर्म्युला गुप्त आहे. पैसे मागितले तर माझीच स्किन सेन्सिटिव्ह निघाली, आणि मग नंबर ब्लॉक.

भाचीकडे डबी परत मागायला गेले तेव्हा तिने दिली नाही. "मावशी, तुझंच बघून लावतेय ना मी? आणि पुढच्या आठवड्यात वर्गाचा फोटो आहे." त्या फोटोत तिचा चेहरा काचेसारखा दिसतोय. तिला डॉक्टरांकडे न्यायला मला त्यानंतर आणखी चार दिवस लागले.