सेसना १७२ साठी शिवलेली पार्किंग कव्हरं: जून ते जानेवारीचा अनुभव

दोन संच शिवले होते: एक जाड रेक्झिनचा, दुसरा स्कूलबॅगांना लावतात त्या पॉलिएस्टरचा. विमान बारा महिने उघड्यावर, टाय-डाउनला (जमिनीतल्या कड्यांना) बांधलेलं. थेंबही आत न येऊ देणारं कव्हर सगळ्यात चांगलं, हा समज जुलैतच मोडला. पाणी कुठून ना कुठून शिरतंच. शिरलेलं पाणी ज्यातून बाहेर पडतं ते कव्हर टिकतं. रेक्झिनची पिटोची (वेग मोजायला समोरची हवा घेणाऱ्या नळीची) पिशवी इथेच नापास झाली. सुईच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी टोकाशी साचलं, आतल्या अस्तराला बुरशी धरली आणि पिटोचं तोंड दिवसरात्र ओलं राहिलं.

इलाज सोपा आहे. पिशवीच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर तापवलेल्या दाभणाने दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं. याहून मोठं नको. आयलेट (धातूचं कडं) ठोकलं तर त्याचं भोक चार-पाच मिलिमीटरचं होतं आणि तेवढी वाट कुंभारीण माशीला पुरते. आयलेटच हवं असेल तर आतून बारीक जाळी शिवा. ही माशी किती चपळ असते ते ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला दिसलं: २०१३ मध्ये तिथे जेमतेम दोन तास उभ्या राहिलेल्या एअरबस ए३३० च्या पिटोत तिने चिखल भरला होता. आपल्याकडे पाऊस उघडला आणि ओली माती मिळाली की ती कामाला लागते, त्यामुळे ‘तासाभरासाठी कशाला कव्हर’ हे म्हणणं सोडून द्यावं.

पिटोचं माप टेपने घेऊ नका. नळीभोवती कागद गुंडाळून खूण करा, घेरात सहा मिलिमीटर सैल ठेवा आणि शिलाईसाठी दोन्ही कडांना दहा मिलिमीटर सोडा. पिशवी नळी उभ्या दांडीला मिळते तिथपर्यंत पोचली पाहिजे, म्हणजे पाणी निचरायचं बारीक छिद्र असेल तर तेही झाकलं जातं. पुढचं तोंड आणि हे छिद्र दोन्ही बुजले तर वेगाचा काटा उंचीमापकासारखा वागतो. विमान चढू लागलं की वेग वाढल्याचं खोटंच दाखवतो. आणि पिटो हीट (नळी तापवायची सोय) चालू करून पाहिली असेल तर नळी निवल्याशिवाय पिशवी चढवू नका. रेक्झिन वितळून नळीला चिकटतं आणि मग ते खरवडत बसावं लागतं.

दांडीभोवती सुरुवातीला वेल्क्रोची पट्टी होती. गवताळ पार्किंगवर दिवाळीपर्यंत तिच्या आकड्यांत कुसळं इतकी गच्च बसली, की हलक्या वाऱ्यातही ती सुटू लागली. टाचणीने एकेक काढली तरी आठवड्यात पुन्हा तेच. आता तिथे अर्ध्या इंचाची पट्टी आणि प्लास्टिकचं क्लिप-बकल आहे. अजून तक्रार नाही.

शिलाईत दोन चुका हमखास होतात. पहिली सुती दोरा: चार महिन्यांत उन्हापावसाने कुजला. बॉन्डेड पॉलिएस्टर दोरा आणि अठरा नंबरची सुई घ्या. दुसरी चूक बारीक टाका. रेक्झिनवर टाके जवळजवळ पडले की ते पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांच्या रेषेवरच फाटतं. टाका चार मिलिमीटरचा ठेवा.

खरी मेहनत काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) दोन तोंडांच्या प्लगला लागते. डावं-उजवं सारखं दिसलं तरी कागदी साचे वेगळे काढा, आतली बॅफलची (हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्याची) रबरी कड दोन्हीकडे सारखी बसेलच असं नाही. साच्यापेक्षा फोम चहूबाजूंनी सहा ते आठ मिलिमीटर मोठा कापायचा, म्हणजे दाबून घातल्यावर घट्ट बसतो. नुसता गादीचा ४० डेन्सिटीचा फोम पाणी पितो आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून पुढे २५ मिलिमीटर पॅकिंगचा बंद पेशींचा फोम आणि मागे ५० मिलिमीटर गादीचा, अशी जोडी केली. समोरून रेक्झिन, मागून जाळीचं कापड. चहूबाजूंनी रेक्झिनमध्ये बंद केलेला पहिला प्लग उन्हात फुगला आणि त्याची शिवण उसवली, कारण आतल्या हवेला वाटच नव्हती.

इंजिन बंद केल्याबरोबर प्लग खुपसू नका, उष्णता आत कोंडते. पण निवायची वाट पाहत संध्याकाळ करू नका, कारण घरटं करायला साळुंक्या वाट पाहत नाहीत. आत राहिलेल्या काड्या पुढच्या उड्डाणात तापलेल्या सिलिंडरला टेकल्या तर आगीचं निमित्त होतं.

दोन गोष्टी करायच्याच नाहीत. एक, पंखाखालचा इंधन टाकीचा व्हेंट (टाकीत हवा जाण्याचं तोंड) झाकणं. तो हवाबंद करू नये. उड्डाणाआधी बोट लावून मोकळा आहे ना एवढं पाहावं. दुसरी, स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या बारीक छिद्रावर) चिकटपट्टी लावणं. ऑक्टोबर १९९६ मध्ये पेरूत धुलाईनंतर राहून गेलेल्या पट्टीमुळे बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि ७० जण गेले. पोर्टसाठी रुंद डोक्याचा मऊ सिलिकॉनचा खुंटा करा आणि तो अलगद टेकवा. जोराने रेटला तर आतला दाब वाढून उपकरणांवर ताण येतो.

विसरलेलं कव्हर नसलेल्या कव्हराहून वाईट. २०१८ मध्ये ब्रिस्बेनहून एक ए३३० तिन्ही पिटो झाकलेल्या अवस्थेतच उडालं होतं. म्हणून प्रत्येक तुकड्याला साठ सेंटिमीटरची लाल पट्टी लावली. मे महिन्यात शिवाल तर लाल रेक्झिन घेऊ नका, उन्हाने ते गुलाबी पडतं. लाल नायलॉन पट्टी जास्त टिकली. काउल प्लगना वर उभे राहणारे झेंडे दिले, ते डाव्या सीटवरून दिसतात. तुकडे सहा: पिटो एक, स्टॅटिक एक, काउल दोन, पंखांच्या मुळाशी हवेची दोन तोंडं. त्यांची थैलीही सहा कप्प्यांची, कप्प्यांवर आकडे. थैली उजव्या सीटवर उघडी ठेवायची. एक कप्पा रिकामा दिसला की किल्लीला हात लावायचा नाही.