मे महिन्यात बडोद्याहून: आत्याची मुंबई की मामाची रत्नागिरी?

दांडिया बाजारातल्या मराठी घरांत हा वाद ठरलेलाच. मुंबईचं अंतर चारशे किलोमीटरच्या आत. सकाळची वंदे भारत धरली तर दुपारचं जेवण आत्याकडे. पण तिचं घर दोन खोल्यांचं, आणि चौपाटीवर माणसांच्या गर्दीतून समुद्र शोधावा लागतो.

रत्नागिरीला थेट गाड्या मोजक्या. त्या वसईहून कोकणाकडे वळतात. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं, तेव्हाच उरकावं. एकदा पोचलात की मात्र चंगळ: मामाच्या पडवीत आढीतला हापूस, संध्याकाळी भाट्याची लांबलचक वाळू, एक दिवस रत्नदुर्ग. थिबा राजवाडा चुकवू नका. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा १९१० पासून तिथे राहिला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. (१८७५ मध्ये गादीवरून काढून मद्रासला धाडलेले आपले मल्हारराव गायकवाड आठवतातच.)

उकाडा दोन्हीकडे सारखाच चिकट. गुडघे दुखणारी आजी सोबत असेल तर मुंबई, नाहीतर माझं मत सरळ रत्नागिरीला. फक्त जूनच्या आत परता. पावसाळी वेळापत्रक लागलं की कोकण रेल्वे हळू धावते. बडोद्याचा लीलो (ओलसर) चिवडा मात्र दोन्ही घरी न्यावाच लागतो, आत्याला जरा जास्त.