साडेआठशेचा मल्टिमीटर, सात महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हा मीटर मी रागात घेतलेला आहे. आमची गाडी बाहेर निघते ती शनिवारी, बाकी दिवस पार्किंगमध्ये धूळ खात, आणि दर शनिवारी किल्ली फिरवली की नुसतं टक-टक-टक, सेल्फ काही लागेना. वॉचमनपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकच, बॅटरी गेलीय, बदलून टाक. बदलली, चार हजाराच्या वर गेले. थोड्याच दिवसांत परत टक-टक. म्हटलं आता कुणाचं ऐकायचं नाही, स्वतः मोजायचं, आणि पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन मीटर उचलला. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या किमतीत सगळे भाऊ-भाऊच असतात.

पहिल्याच दिवशी अर्धी शंका फिटली. रात्रभर उभी असलेली गाडी, चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी संपली. माझी ११.८, ती पण नवीकोरी! जंपर लावून गाडी चालू केली तर १४.२, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बिचारा नीट काम करतोय. मग गाडी बंद असताना कोणीतरी बॅटरी पितंय, एवढाच अर्थ निघतो.

पिणारा किती पितोय ते बघायला मीटर बॅटरी आणि तिच्या वायरच्या मध्ये घालावा लागतो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, लाल लीड (मीटरची वायर) १० अँपच्या भोकात, मीटरचं एक टोक टर्मिनलच्या वायरला आणि दुसरं बॅटरीला. दारं बंद, रिमोट घरात, आणि अर्धा तास गप बसायचं कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात, लगेच रीडिंग घेतलं तर उगाच घाबराल. आणि मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, तिथे शंभरच्या वर अँप ओढले जातात. इथे ह्या मीटरचा वैताग म्हणजे तो पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो, पण बटण दाबलं की परत चालू, सर्किट तुटत नाही. नॉब फिरवलात किंवा लीड काढलीत तर मात्र गाडी परत जागी होते आणि तुमचा अर्धा तास गेला.

रीडिंग आलं ०.३८ अँप. नॉर्मल म्हणजे ०.०५ च्या आत पाहिजे. हिशोब करा, दिवसाला नऊ अँपअवर, माझी बॅटरी ३५ ची, चौथ्या दिवशी खलास.

मग फ्यूज एकेक करून उपटत बसलो, सगळी दुपार त्यात घालवली, कारण फ्यूज परत बसवला की गाडी जागी होते. नंतर कळलं की फ्यूज काढायचीच गरज नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही प्रोब (लीडची टोकं) त्यावर टेकवायचे. शून्य आलं तर त्या लाईनला करंट नाही, काही आकडा आला तर आहे. सगळे शून्य, आणि स्टिरिओच्या फ्यूजवर १.८. सापडला!

स्टिरिओ बाहेर ओढला तर पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर काळी टेप. पिवळी कायम चालू पाहिजे, मेमरीसाठी, आणि लाल किल्लीबरोबर. ॲक्सेसरीवाल्याने किल्लीची लाईन शोधायचा कंटाळा केला आणि दोन्ही एकत्र बांधल्या, त्यामुळे स्क्रीन काळी दिसायची पण आत सेट जागाच. फोन केला तर म्हणे साहेब सगळ्याच गाड्यांना असंच करतो. मीटरनेच किल्लीची लाईन शोधली (किल्ली बंद शून्य, चालू बारा), लाल तिकडे जोडली, टेपच्या जागी श्रिंक ट्यूब. आता ०.०२ येतं, आणि सहा महिने एकदाही जंपर काढलेला नाही.

एक चूक मात्र झाली. अगदी बरोब्बर मिलिअँप बघायचा सोस म्हणून लीड छोट्या भोकात घातली, २०० मिलिअँपवर, आणि तेवढ्यात मुलाने दार उघडलं. आतला दिवा लागला आणि मीटरचा फ्यूज उडाला. पंधरा रुपयांचा फ्यूज, पण तो आणायला परत तपकीर गल्ली आणि परत पार्किंगची शोधाशोध.

ह्या मीटरच्या ज्या कंटिन्युइटीचं (वायर तुटलेली नसेल तर बीप वाजतो ती सोय) सगळे कौतुक करतात, त्या बीपवर माझा आता भरवसा नाही. मेहुण्याच्या गाडीचा डावा हेडलाईट मिणमिणता, अर्थिंगची वायर तपासली तर मस्त बीप. वायरीचा एक तार जरी शिल्लक असला तरी बीप येतो, लोड आल्यावर काय होतं ते त्याला कळत नाही. मग लाईट चालू ठेवून बल्बच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजलं, १.७ व्होल्ट! तिथे जवळजवळ शून्य पाहिजे. बंपरच्या आत अर्थिंगचा बोल्ट पार गंजलेला, पावसाचं पाणी बरोब्बर तिथेच उतरत होतं. पॉलिश पेपर मारला, घट्ट आवळला, वर व्हॅसलीन. ०.०५ वर आलं आणि लाईट भगभगीत.

तक्रारी म्हणाल तर बॅकलाईट फिका आहे, पार्किंगच्या अंधारात मोबाईलचा टॉर्च तोंडात धरावा लागतो, आणि सोबत आलेल्या लीड दोन महिन्यांत मुळाशी तुटल्या. सिलिकॉनच्या लीड आणि दोन क्रोकोडाईल क्लिप वेगळ्या घेतल्या, त्याशिवाय अर्धा तास टर्मिनलला प्रोब धरून बसणं माणसाचं काम नाही. आणि एअरबॅगचे पिवळे कनेक्टर दिसले की मीटर लांब ठेवा, तिकडे मी हात लावत नाही.