यूएफसी ४ घ्यावा की ५? रिव्ह्यू वाचून डोकं फिरलं असेल तर हे वाचा

बडोद्यात आमच्या ओळखीतल्या पोरांमधे हा प्रश्न सारखा निघतो, खास करून ज्यांच्या घरी जुना पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल) आहे आणि पीएस५ घ्यायचं चाललंय त्यांच्यात. यूएफसीचा, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढतींचा, गेम घ्यायचाय, पण कुठला? आणि रिव्ह्यू उघडले तर चित्र उलटंच दिसतं, २०२० च्या जुन्या गेमचं बऱ्यापैकी कौतुक आणि २०२३ च्या नव्याबद्दल 'हां, ठीक आहे' असा थंड सूर. मग माणूस म्हणतो नवा वाईटच असेल. तसं नाहीये.

आधी जिथे निवडच नाही ते संपवू. यूएफसी ५ फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स-एस वर चालतो, पीएस४ वाल्यांनी त्याचे रिव्ह्यू वाचण्यात वेळ घालवू नये, तुमच्यासाठी ४ च. आणि 'भाऊ, माझ्याकडे भारी गेमिंग लॅपटॉप आहे' म्हणणाऱ्यांसाठी दोन्ही नाहीत, ती काढणाऱ्या ईए कंपनीने ही मालिका पीसीवर आणलेलीच नाही. पीएस५ असेल तर मात्र दोन्ही चालतात, खरा घोळ तिथेच आहे.

आता समीक्षक काय म्हणाले ते. ४ आला १४ ऑगस्ट २०२० ला, आणि त्याचं कौतुक झालं ते मुख्यतः क्लिंचमुळे. म्हणजे दोघं एकमेकांना बिलगून गुडघे-कोपरं मारतात तो प्रकार. आधीच्या गेममधे क्लिंच म्हणजे वेगळ्या खोलीत गेल्यासारखं व्हायचं, ४ मधे ठोसे मारता मारता आपसूक त्यात शिरता येतं आणि बाहेरही पडता येतं. टेकडाउन (समोरच्याला जमिनीवर पाडायचे डाव) नवे, सबमिशन (पकडीत अडकवून हार मानायला लावणं) सोपं केलेलं, करिअर मोडमधे (एकच लढवय्या घेऊन खालून वर चढत जायचं) एक कोच तुम्हाला हाताला धरून शून्यापासून शिकवतो, त्यामुळे नवख्या माणसाला बरं पडतं. नावं ठेवली ती रंगीबेरंगी कपडे, मुखवटे आणि लढत चालू असताना करायच्या नाचगाण्यासारख्या इमोट्सना, जे बघून वाटतं हा खेळ चाललाय की गरब्याची फॅन्सी ड्रेस.

पण त्या रिव्ह्यूंमधली एक मोठी गोची कोणी सांगत नाही. ते लिहिले गेले गेम बाजारात येतानाच, आणि साधारण महिन्याभराने, सप्टेंबर २०२० मधे, ईएने रीप्लेच्या वेळी एका वेब सीरिजची पूर्ण स्क्रीनभर जाहिरात दाखवायला सुरुवात केली, पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या गेममधे! लोक इतके भडकले की कंपनीला ती काढावी लागली. मुद्दा जाहिरातीचा नाही, ती गेली. मुद्दा असा की पहिल्या आठवड्यातल्या रिव्ह्यूंचे गुण बघून काही वर्षांनी खरेदी करणं जरा भाबडेपणाच आहे, मधल्या काळात अपडेट्सनी गेम बराच इकडचा तिकडे होतो.

५ आला २७ ऑक्टोबर २०२३ ला. इंजिन (गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) बदललं, फ्रॉस्टबाइट आलं, सेकंदाला ६० फ्रेम्स आल्या, आणि या दोन गोष्टींबद्दल कोणाची फार तक्रार नव्हती. तक्रार कशाची? करिअर मोड जवळजवळ तसाच, तोच कोच, त्याच जिममधल्या त्याच फेऱ्या, नवे मोड कमी, आणि गेममधल्या दुकानातून वस्तू विकायचा सोस कायम. हे सगळं खरं आहे. पण हे कोण बोलतंय ते बघा, ज्याने ४ शंभर तास खेळलाय तो. समीक्षकाचं कामच ते, मागच्यापेक्षा नवीन काय ते मोजायचं, आणि ७० डॉलरच्या गेमला (४ लाँचला ६० चा होता) तसं विचारायलाही हवं. तुम्ही ४ ला हातच लावला नसेल तर 'करिअर तेच आहे' ही तक्रार तुमच्यासाठी शून्य, तुम्हाला तर सगळंच पहिल्यांदा दिसणार आहे ना!

आता खरा फरक, जो मला दोन ठिकाणी वाटतो.

पहिला, मार लागणं. ५ मधे भुवईवर चीर पडली तर तिथे परत मारा, ती उघडत जाते, डोळा सुजतो, डॉक्टर येऊन बघतो आणि खरंच लढत थांबवू शकतो. म्हणजे गुणांवर तुम्ही पुढे आहात, आरामात जिंकताय, आणि शेवटच्या राउंडमधे एका कोपराने कपाळ फुटलं की खेळ खलास. पहिल्यांदा झालं की शिव्या तोंडात येतात, पण त्याने खेळायची पद्धत बदलते, सुजलेली बाजू झाकून माणूस वेगळ्या पायावर उभा राहायला लागतो, समोरचाही तीच बाजू धरून बसतो. ४ मधे मार दिसतो, पण तो असा गळ्याशी येत नाही. हाच भाग बहुतेक रिव्ह्यूंमधे 'ग्राफिक्स छान' या एका वाक्यात उरकलाय, याचं मला नवल वाटतं. अर्थात याचीच दुसरी बाजू म्हणजे रक्त. ५ ला या मालिकेत पहिल्यांदा एम रेटिंग मिळालं, म्हणजे सतरा वर्षांवरच्यांसाठी. घरात लहान पोरं हॉलमधे बसतात तर ४ बरा, उगाच आईचं ऐकून घ्यायला नको.

दुसरा, जमिनीवरचा खेळ. इथे बाहेरचे समीक्षक आणि आपण यांच्यात थोडी दरी आहे असं माझं मत आहे, आणि तुम्ही दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आसपास वाढला असाल तर पटेलच. कुस्ती बघितलेल्या माणसाला टेकडाउन लगेच कळतो, एकेरी पट, दुहेरी पट, त्यात समजावण्यासारखं काही नाही. घोळ पुढे होतो. कुस्तीत पाठ लागली की संपलं, चीतपट. इथे पाठीवर पडलेला माणूस पायांनी समोरच्याला धरून ठेवतो, वाट बघतो, आणि वरचा गाफील राहिला की खालूनच गळा आवळून जिंकतो. आमच्यातल्या काका लोकांपैकी एक जण बघत होता, त्याला हे अजिबात मान्य नव्हतं, म्हणे 'अरे तो हरलाय, उठवा त्याला'.

तर हा जमिनीवरचा भाग दोन्ही गेममधे अवघड आहे आणि दोन्हींच्या रिव्ह्यूंमधे नवख्यांची तक्रार त्याचीच. ४ मधे सोप्या कंट्रोल्सचा पर्याय आला, स्टिक एका दिशेला ढकलली की उठायचा प्रयत्न, दुसरीकडे सबमिशन, तिसरीकडे वरून ठोसे, बाकीचं गेम बघतो. ५ मधेही तो आहे. फरक सबमिशनचा. ४ मधे सबमिशन लागलं की स्क्रीनवर छोटा खेळ सुरू होतो, दोघांच्या पट्ट्या एकमेकींच्या मागे पळतात, आणि तुमचं लक्ष त्या पट्टीवर, माणसांवर नाहीच. ५ ने तो काढून टाकला, आता पकड एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात सरकते आणि हात कुठे अडकलाय ते बघून सोडवावं लागतं. काही समीक्षकांना हे आवडलं, काहींना गोंधळाचं वाटलं. मला विचाराल तर कुस्तीची नजर असलेल्याला ५ चं जास्त मानवेल, पण उत्तरायणला (संक्रांतीला) भावंडं जमलीत, दुपारचं ऊन चढलंय, सगळे धाब्यावरून (गच्चीवरून) खाली येऊन उंधियु-जलेबी खात टीव्हीसमोर बसलेत आणि अर्ध्यांनी कंट्रोलर पहिल्यांदा धरलाय, अशा वेळी ती पट्टी निदान कळते तरी. त्यात ४ मधे परसदारात लढायचा बॅकयार्ड मोडही आहे, तो अशा गर्दीत मस्त चालतो.

मधेच एक. कोणी ना कोणी म्हणणारच, 'या दोघांपेक्षा जुना यूएफसी अनडिस्प्युटेड ३ भारी होता'. फेब्रुवारी २०१२, पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६०, युक्सने बनवलेला, टीएचक्यूने काढलेला, त्यात जपानच्या प्राइड या लढतींच्या स्पर्धेचा मोड, रिंगमधे लढाई, पडलेल्याला लाथ मारायची मुभा. कौतुक योग्यच आहे, रिव्ह्यूही जोरदार होते. पण त्याच वर्षी जूनमधे यूएफसीचं लायसन्स ईएकडे गेलं, डिसेंबरमधे टीएचक्यू दिवाळखोरीत, आणि तो गेम जुन्या कन्सोलवरच अडकला. कपाटात पीएस३ चालू हालतीत असेल तर जरूर खेळा, नाहीतर ही चर्चा चहावर ठेवा.

कॉमेंट्री दोन्हीकडे जॉन ॲनिक आणि डॅनियल कॉर्मिए, त्यामुळे तिथे काही ठरवायचं नाही. पाहुणे लढवय्ये वेगळे, ४ मधे टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ, ५ मधे माइक टायसन, मुहम्मद अली आणि फ्योदर. ब्रूस ली दोन्हीकडे.

माझं म्हणणं विचाराल तर पीएस५ आहे आणि ही मालिका पहिल्यांदाच खेळणार तर सरळ ५ घ्या, थंड रिव्ह्यूंकडे बघू नका, पण पूर्ण किमतीला नका, सेलची वाट बघा, क्रीडा-गेमचे भाव उतरतातच. ४ आधीच घरी आहे, तो मन लावून करिअरसाठीच खेळता, तर मात्र समीक्षकांचं ऐका, तुम्हाला ५ मधे तोच कोच तेच सांगेल. ऑनलाइन खेळणाऱ्यांनी ५, कारण नवी गर्दी तिकडेच गेली. आणि ४ ची सेकंडहँड डिस्क स्वस्तात मिळतेय म्हणून उचलणार असाल तर आधी घरी जाऊन बघा तुमच्या पीएस५ ला डिस्क घालायची फट आहे का, ती नसेल तर डिस्क फक्त चहाच्या कपाखाली ठेवता येते.