मोकळ्या भूखंडावर काय हवं: खुला कट्टा की कुंपणातली बाग?

वस्तीत एखादा मोकळा भूखंड असतो, नगरसेवकाचा निधी मंजूर होतो आणि रहिवाशांच्या बैठकीत दोन तट पडतात. एकांना कुंपण, हिरवळ आणि कारंजं हवं असतं. दुसरे म्हणतात, मैदान मोकळंच ठेवा, कडेनं बसायची सोय करा. दोन्हींचे उत्तम नमुने आपल्याकडे आहेत: पुण्याची सारसबाग आणि दादरचं शिवाजी पार्क. मत देण्याआधी दोन्हीकडे एकेक संध्याकाळ घालवावी.

शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. मैदान सुमारे २८ एकरांचं आहे, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो भोवतीचा कट्टा. ही बुटकी भिंत हद्दही दाखवते आणि बसायलाही देते. आत तोंड करून बसलं की नेटमध्ये बॅट परजणारी पोरं दिसतात, बाहेर तोंड केलं की फेऱ्या मारणारी माणसं. आजोबांची टोळी, क्लास सुटलेल्या मुली, एकटाच बसलेला कुणी, सगळे त्याच भिंतीवर. तिकीट नाही, की ‘इथे का बसलात’ म्हणून विचारणारा रखवालदार नाही. भोवती बुटक्या जुन्या इमारती, त्यांच्या खिडक्या आणि गॅलऱ्या थेट मैदानावर उघडतात. अंधार पडल्यावरही बायका तिथं निर्धास्त बसतात, त्यात या खिडक्यांचा मोठा वाटा आहे. माणसं माणसांना बघायला येतात, आणि कट्टा त्यांना ते सहज करू देतो.

सारसबागेचं सुख वेगळं. दाट सावली, हिरवळ, मधोमध तळ्यातला गणपती. थंडीत बाप्पाला स्वेटर आणि कानटोपी घालतात, ते बघायला लोक पोरांना घेऊन येतात. दिवाळी पाडव्याच्या पहाटे तर तरुणाईनं बाग फुलून जाते. लहान मूल हात सोडून पळालं तरी रस्त्यावर जाणार नाही, हा दिलासा आईबापांना फार मोठा असतो. पण ही गर्दी देवळानं आणि बाहेरच्या भेळेच्या गाड्यांनी जमवलेली आहे. या दोन्हींशिवाय नुसत्या कुंपणाची नक्कल केली, तर हाती उरते रखवालदाराची शिट्टी आणि ‘हिरवळीवर बसू नये’ अशी पाटी. त्यातून अनेक पालिका उद्यानं दुपारी बंद. घरकामाच्या दोन घरांमधल्या वेळात टेकायला जागा शोधणाऱ्या बाईला, सामान पोचवणाऱ्या पोराला नेमकी तेव्हाच सावली हवी असते. त्यांच्या तोंडावर फाटक लावणं मला अन्यायाचं वाटतं.

खर्चाचंही बघा. हिरवळीला रोज पाणी आणि माळी लागतो, कारंज्याचा पंप बिघडला की नुसतं कोरडं टाकं उरतं. कट्टा एकदा नीट बांधला की त्याची फारशी कटकट नाही. मैदानाची खरी अडचण धूळ. शिवाजी पार्कच्या लाल मातीबद्दल आसपासचे रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करत आहेत, आणि ती रास्त आहे. मैदान निवडलं तर पाणी मारण्याची आणि थोडं तरी गवत राखण्याची तरतूद त्याच ठरावात घ्या.

माझा कौल कट्ट्याला. भूखंडाला लागून वाहता रस्ता असेल, तर झोपाळे आणि घसरगुंडी एका कोपऱ्यात घेऊन तेवढ्यालाच जाळी लावा, सगळ्या जागेला नको. कट्ट्यालगत वड, करंज, कडुनिंब अशी सावलीची झाडं लावा. शोभेच्या पामखाली दुपारी कुणी बसत नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह हवंच, नाहीतर त्या तासाभरात घरी परततात. आणि आराखडा समोर आला की कट्ट्याची मापं आधी तपासा: उंची दीड फुटाच्या आसपास, आणि रुंदी एवढी की दोघं पाठीला पाठ लावून आरामात बसतील.